जन्मकाळची गाणी आणि हैदराबादचे मराठी घर

ज्या वर्षी आपला जन्म झाला त्या वर्षी लोकांच्या ओठांवर कोणती गाणी होती, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कुतूहलाचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो पेचात टाकणारा आहे. जन्मकाळचे गाणे ऐकल्याचे कोणालाही आठवत नाही. आपण ते पुढे आठव्या-दहाव्या वर्षी, आईच्या तोंडून किंवा रेडिओवरून ऐकलेले असते आणि ‘हे तुझ्या जन्माच्या वेळचे गाणे’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे ते आपले झालेले असते. घरातले दागदागिने आणि भांडीकुंडी जशी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात तशीच ही गाणीही जातात. महाराष्ट्रात राहणाऱ्या कुटुंबाला हा वारसा अनायासे मिळतो. परभाषिक प्रदेशात राहणाऱ्या मराठी घराला तो प्रयत्नपूर्वक आणावा आणि जपावा लागतो. ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात गाण्यांचा विषय घेण्याचे कारण हेच आहे. तो वारसा जपण्याच्या कामी पुस्तकांचा वाटा फार मोठा आहे आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी प्रस्तुत लेखकाचे जन्मवर्ष, म्हणजे १९६९, आणि त्याचे जन्मस्थान, म्हणजे तारनाका, हे नमुन्यादाखल घेतले आहेत. त्या काळचे तारनाका म्हणजे उस्मानिया विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवाराला लागून वाढू लागलेली नवी वस्ती होती. हैदराबादचे जुने मराठी समाजजीवन सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा, गौळीगुडा या परिसरात रुजलेले होते. शाळा, ग्रंथालये, गणेशोत्सव, व्याख्याने सारे तिकडेच होते. तारनाक्याकडे जी मराठी कुटुंबे आली ती प्रामुख्याने नोकरीच्या निमित्ताने आली. विद्यापीठ तर होतेच, शिवाय १९५८ साली कुन्नूरहून राष्ट्रीय पोषण संस्था येथे हलविण्यात आली आणि पुढे उप्पल मार्गावर भूभौतिकी संशोधन संस्था उभी राहिली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी सिकंदराबाद येथे मुख्यालय असलेली दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हा मध्य रेल्वेचे सोलापूर व सिकंदराबाद हे विभाग तिला जोडले गेले. सोलापूर विभाग १९७७ पर्यंत तिच्याकडे होता. या घडामोडीमुळे मराठी रेल्वे कर्मचाऱ्यांचे सिकंदराबादला येणे-जाणे वाढले आणि लालागुडा, मेट्टुगुडा, तारनाका या पट्ट्यात मराठी बोल ऐकू येऊ लागले.

या कुटुंबांची सांस्कृतिक स्थिती समजून घेण्यासाठी आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेनुसार हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि तेलंगण आंध्र प्रदेशात आले. तोवर हैदराबाद हे मराठवाड्याच्या राजधानीचे शहर होते. औरंगाबाद, परभणी, नांदेडचा विद्यार्थी शिकण्यासाठी येथे येत असे आणि वकील व व्यापारी यांचीही ये-जा असे. एका दिवसात या शहरातील मराठी माणूस आपल्याच जुन्या राज्याच्या दोन तुकड्यांच्या सीमेपलीकडे राहिला. राज्याची सीमा आखता आली तरी ध्वनिलहरींना ती ठाऊक नसते, आणि गाण्यांच्या इतिहासात या गोष्टीला फार महत्त्व आहे.

‘जन्मकाळचे गाणे’ या शब्दप्रयोगाचे तीन अर्थ होऊ शकतात. पहिला अर्थ, त्या एकदोन वर्षांत निर्माण झालेली गाणी. दुसरा, तत्पूर्वी दहा-पंधरा वर्षे निर्माण झालेली परंतु त्या काळी सर्वांच्या तोंडी असलेली गाणी. तिसरा अर्थ शब्दशः घ्यावयाचा. मूल जन्मल्यावर त्या घरात प्रत्यक्ष म्हटली गेलेली गाणी. या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

१९६९ च्या आसपासच्या नवनिर्मितीकडे पाहिले तर मराठी संगीताचा तो भरभराटीचा काळ होता, असे निःसंशय म्हणता येते. २४ डिसेंबर १९६७ रोजी पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांनी उभे केलेले खाँसाहेब यांमुळे नाट्यपदाला नवे चैतन्य मिळाले. त्याआधी १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ने अभिषेकींच्या चालींची ओळख करून दिलेलीच होती. चित्रपटांत १९६८ चा ‘एक गाव बारा भानगडी’ राम कदमांच्या संगीताने गाजला. १९६९ च्या भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ला ‘आनंदघन’ यांचे संगीत होते. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. १९६५ च्या ‘साधी माणसं’ या चित्रपटासाठी महाराष्ट्र शासनाचे उत्कृष्ट संगीताचे पारितोषिक त्यांना मिळाले होते. एकाच वेळी ग्रामीण लावणी, अभिजात बंदिशीच्या अंगाने जाणारे नाट्यपद आणि कवितेला स्वर देणारे भावगीत असे तिन्ही प्रवाह दुथडी भरून वाहत होते.

परंतु यांपैकी किती गाणी १९६९ साली तारनाक्याच्या घरात पोचली होती? प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर फार थोडी. मराठी चित्रपट येथे पुण्या-कोल्हापूरइतक्या सहजतेने पाहावयास मिळत नसत आणि नाटकासाठी एखाद्या संस्थेच्या दौऱ्याची वाट पाहावी लागे. नव्या ध्वनिमुद्रिका सुट्टीत गावी जाऊन आलेल्या नातलगाबरोबर येत. म्हणून आमच्या पिढीच्या जन्मवर्षी निर्माण झालेले गाणे आमच्या घरात पुष्कळदा चार-पाच वर्षांनी आले. लोकप्रियतेचा इतिहास लिहिणाऱ्याने हा विलंब ध्यानात घ्यावयास हवा. गाण्याचे प्रकाशनवर्ष आणि एखाद्या गावातले त्याचे आगमनवर्ष यांत अंतर असते आणि ते त्या गावाच्या मराठी मुलखापासूनच्या अंतराशी निगडित असते.

येथूनच दुसऱ्या अर्थाकडे वळावे लागते. १९६९ साली या घरांत खरोखर गुणगुणली जाणारी गाणी बहुतांशी मागल्या दीड दशकातली होती आणि ती रेडिओने दिलेली होती. या संदर्भात एका सरकारी धोरणाचा उल्लेख आवश्यक आहे. १९५२ साली केंद्रात नभोवाणी खात्याची सूत्रे बा. वि. केसकर यांच्याकडे आली. चित्रपटसंगीताबद्दल त्यांचे मत प्रतिकूल होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, रसिक रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेली अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोचली. १९५७ साली विविध भारती सुरू करून आकाशवाणीला आपली भूमिका सौम्य करावी लागली. या धोरणाची थट्टा पुष्कळ झाली आहे. पण त्याची एक फलश्रुती मराठीच्या पदरात पडली. रिकामी झालेली वेळ भरून काढण्यासाठी आकाशवाणी केंद्रांनी सुगम संगीताचे विभाग वाढविले, कवींकडून गीते लिहवून घेतली आणि संगीतकारांना वाव दिला. मंगेश पाडगावकर, चिं. त्र्यं. खानोलकर यांसारखे कवी काही काळ मुंबई केंद्रात नोकरीस होते. यशवंत देव व श्रीनिवास खळे यांची कारकीर्दही आकाशवाणीशी जोडलेली होती. पाडगावकरांचे शब्द, खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर लाभलेले १९६२ चे सुप्रसिद्ध युगुलगीत याच वातावरणातून जन्मले.

या परंपरेतील सर्वांत मोठी घटना अर्थातच ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकरांचे काव्य आणि सुधीर फडके यांचे संगीत यांतून वर्षभरात ५६ गीते झाली. पुण्याच्या वृत्तपत्रांतून दर आठवड्याला शब्द छापून येत आणि १९५७ साली केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने ते पुस्तकरूपाने काढले. हैदराबादच्या मराठी घरांत ‘गीतरामायण’ ऐकण्याआधी वाचले गेल्याची उदाहरणे जुनी मंडळी सांगत असत. दिवसा पुणे केंद्र येथे नीट लागत नसे. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी शोषून घेणारा वातावरणाचा खालचा थर विरतो, वरच्या थरावरून त्या लहरी परावर्तित होतात आणि दूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. म्हणून मराठी ऐकण्याची वेळ ही रात्रीची वेळ असे. टपाल कार्यालयात परवान्याचे वार्षिक शुल्क भरून घेतलेला रेडिओ, गच्चीवर ताणलेली तार आणि मधूनमधून खरखरीत बुडणारा स्वर, असे त्या श्रवणाचे स्वरूप होते. १९६८ साली परभणी केंद्र सुरू झाले तेव्हा मराठी स्वर थोडा जवळ आला.

लतादीदींच्या आवाजातील पी. सावळाराम व वसंत प्रभू यांची पन्नाशीच्या दशकातील गाणीही येथे विशेष प्रिय होती. त्यांचा विषय आई, माहेर आणि सासरी निघालेली मुलगी हा असे. नांदेड, जालना, औरंगाबादकडून लग्न होऊन हैदराबादला आलेल्या स्त्रीला १९५६ नंतर माहेर हे परराज्य झाले होते. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणारी, १९०० साली पूर्ण झालेली गोदावरी खोऱ्याची रेल्वे हाच तिचा माहेरचा रस्ता होता. ती गाणी मुंबईत ऐकताना जी भावना होत असेल तिच्यात येथे आणखी एका दुराव्याची भर पडत असे.

तिसरा अर्थ पाळण्याचा. बाराव्या दिवशी बारशाला जमलेल्या बायकांनी मुलाला पाळण्यात घालून म्हटलेले गीत हे प्रत्येकाचे अक्षरशः जन्मकाळचे गाणे होय. रामजन्माचा, कृष्णजन्माचा, शिवाजीचा असे पाळणे परंपरेने चालत आलेले असतात. शेवटच्या कडव्यात बाळाचे नाव गुंफण्याची रीतही अनेक घरांत असे. यांना ना ध्वनिमुद्रिका, ना कवीचे नाव. जात्यावरच्या ओवीचेही तसेच. गी पॉयत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली, यावरून या धनाचा विस्तार लक्षात यावा. दख्खनच्या सूफी परंपरेतही दळताना म्हणावयाची ‘चक्कीनामा’ नावाची दख्खनी गीते आहेत. जाते एकच, भाषा दोन, असे हे शेजारपण आहे. दख्खनीत नकारासाठी वापरला जाणारा ‘नक्को’ हा मराठी ‘नको’च आहे आणि शब्दावर जोर देणारा तिचा ‘च’ही मराठीचाच.

शेजाराचा विषय निघालाच आहे तर हेही सांगितले पाहिजे की, तारनाक्याच्या मराठी मुलाची जन्मकाळची गाणी केवळ मराठी नव्हती. १९६३ चा तेलुगू ‘लवकुश’ हा चित्रपट आणि त्यातील घंटसाला यांच्या संगीतातली, पी. लीला व पी. सुशीला यांनी लव-कुशांसाठी गायलेली गाणी पुढे वर्षानुवर्षे येथील उत्सवांच्या ध्वनिक्षेपकांवरून ऐकू येत. ‘गीतरामायणा’तही कुश-लव श्रीरामांपुढे रामकथा गातात. एकच प्रसंग, घरात मराठीतून आणि रस्त्यावर तेलुगूतून ऐकत आमची पिढी वाढली. ‘गीतरामायणा’चा तेलुगू अनुवादही झाला आहे, ही गोष्ट या दृष्टीने सूचक होय. १९६९ हेच वर्ष किशोरकुमारच्या आवाजाने ‘आराधना’ गाजविल्याचे आहे आणि तेच स्वतंत्र तेलंगणाच्या पहिल्या मोठ्या आंदोलनाचेही आहे. त्या आंदोलनाचे केंद्र उस्मानिया विद्यापीठ होते आणि तारनाक्याच्या रस्त्यांनी त्या वर्षी गाण्यांपेक्षा घोषणाच अधिक ऐकल्या. याच विद्यापीठाच्या वसतिगृहांत १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना विद्यापीठ सोडावे लागले होते आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आश्रय दिला होता. गाणे ही केवळ करमणूक नव्हे, हे या परिसराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. भावगीताचा उगम कवितेत आहे. तीसच्या दशकात मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांनी गायिली आणि छापील कविता ध्वनिमुद्रिकेवर गेली. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. त्यात ध्रुपद आणि दोन किंवा तीन कडवी मावत. कविता सहा-सात कडव्यांची असली तर उरलेली कडवी गाळावी लागत. तंत्राच्या या मर्यादेने मराठी भावगीताचा घाट ठरविला. पुढे दीर्घ वादनाच्या तबकड्या आल्या तरी तीन अंतऱ्यांची सवय राहिली. परिणामी असे झाले की, आपल्याला पाठ असलेल्या कित्येक कविता आपल्याला अर्ध्याच माहीत आहेत. उरलेली अर्धी कविता काव्यसंग्रहात आहे, आणि काव्यसंग्रह ग्रंथालयात आहे.

भा. रा. तांबे यांचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या कविता लतादीदींच्या स्वरांतून घरोघर पोचल्या. ‘तांबे यांची समग्र कविता’ उघडून पाहिली तर अनेक कवितांखाली जाती, राग, ठिकाण आणि काल यांची नोंद आढळते. कवीच्या मनातला राग कोणता होता आणि संगीतकाराने कोणता योजला, गायिकेने कोणती कडवी घेतली आणि कोणती सोडली, हे सारे त्या एका पानावरून कळते. गाळलेल्या कडव्यांत कधीकधी कवितेचा रोखच वेगळा असतो. मृत्यूविषयीची कविता प्रेमगीत म्हणून गुणगुणली जाते ती यामुळेच. ज्याने केवळ गाणे ऐकले त्याच्या हाती चाल राहते. पुस्तक उघडणाऱ्याला कवी भेटतो. १९६१ चा सुरेश भटांचा ‘रूपगंधा’, आरती प्रभूंचे ‘जोगवा’ व ‘दिवेलागण’, आणि १९६७ मधले ग्रेस यांचे ‘संध्याकाळच्या कविता’ व ना. धों. महानोरांचे ‘रानातल्या कविता’ हे सारे संग्रह आमच्या जन्मापूर्वीच कपाटात येऊन बसले होते. त्यांतल्या कवींची गाणी पुढच्या काळात दूरवर गेली. म्हणजे जन्मवर्षी जे गाणे झालेले नव्हते ते पुस्तकात मात्र वाट पाहत होते.

तांबे ग्वाल्हेरचे, अरुण दाते इंदूरचे, अभिषेकी व मंगेशकर घराणे गोमंतकाचे, सुमन कल्याणपूर यांचा जन्म ढाक्याचा. मराठी गाण्याचा नकाशा महाराष्ट्र राज्याच्या नकाशाहून मोठा आहे, हे या नावांवरून दिसते. त्यामुळे हैदराबादच्या मराठी माणसाने या गाण्यांकडे दूरच्या नातलगाच्या संकोचाने पाहण्याचे कारण नाही. राजा बढे यांचे महाराष्ट्रगीत २०२३ साली महाराष्ट्राचे राज्यगीत झाले आणि २०२४ साली तेलंगणाने कवी अंदेश्री यांचे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले. येथील मराठी मुलाला दोन्ही गीते म्हणता येणे हे त्याचे वैभवच मानावयास हवे.

चिंता आहे ती वेगळीच. आज कोणतेही जुने गाणे क्षणात ऐकावयास मिळते आणि रात्रीची, गच्चीवरच्या तारेची गरज उरलेली नाही. परंतु घरात मराठी बोलणारी आणि देवनागरी पुस्तक मात्र सहज न वाचणारी पिढी या शहरात वाढते आहे. तिच्या हाती चाल आहे, शब्द अर्धे आहेत आणि उरलेल्या कडव्यांकडे जाण्याची वाट बंद होऊ पाहते आहे. ज्या गाण्यांनी घराबाहेर उर्दू व तेलुगू बोलणाऱ्या आमच्या पिढीला ग्रांथिक मराठीचे शेकडो शब्द नकळत शिकविले, ती गाणी पुढच्या पिढीला केवळ सूर म्हणून उरली तर भाषेचा एक फार स्वस्त आणि फार चांगला शिक्षक आपण गमावू.

यावर ग्रंथालयाने करण्यासारखे काम लहान आहे, पण ते आता केले नाही तर पुढे करता येणार नाही. पूर्वी चित्रपटगृहात गाण्यांच्या पुस्तिका विकत मिळत. त्या कोणी जपून ठेवल्या असतील तर त्या मागवाव्यात. त्याहून मोलाची वस्तू म्हणजे आपल्या आई-आजींच्या गाण्यांच्या वह्या. पाळणे, आरत्या, मंगळागौरीची गाणी, रेडिओवरून घाईघाईने उतरून घेतलेली भावगीते आणि ऐकताना निसटलेल्या शब्दाच्या जागी सोडलेली रिकामी जागा, असे सारे त्यांत असते. त्या रिकाम्या जागा हा या शहरातील मराठी श्रवणाचा अस्सल पुरावा आहे. अशा वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, वहीवर वर्ष आणि गाव लिहावे, आणि तिच्यातील प्रत्येक भावगीतासमोर ते ज्या काव्यसंग्रहातले असेल त्याचा आपल्या ग्रंथालयातील क्रमांक नोंदवावा. चाल ठाऊक असलेला मुलगा किंवा मुलगी त्या क्रमांकावरून कपाटापर्यंत आली, तर उरलेली कडवी तिला तेथे मिळतील.